केट बुश यांची सांगीतिक कारकीर्द : निर्मितीवरील स्वामित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

केट बुश या इंग्लंडमधील लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रातील एक महत्त्वाच्या गायिका, गीतकार आणि संगीतकार होत. त्यांचा जन्म ३० जुलै १९५८ रोजी केंट परगण्यातील बेक्सलीहीथ येथे झाला. १९७८ ते २०११ या काळात त्यांचे १० अल्बम प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिले दोन एकाच वर्षी आले, तर सातव्या आणि आठव्या अल्बममध्ये १२ वर्षांचे अंतर आहे. या विलक्षण विषम गतीचे स्पष्टीकरण ब्रिटिश वृत्तपत्रांनी बहुधा त्यांच्या एकांतप्रिय, काहीशा विक्षिप्त स्वभावात शोधले. प्रस्तुत लेखकाच्या मते ते स्पष्टीकरण अपुरे आहे. आपल्या कलाकृतीवर, आणि ती घडविण्यास लागणाऱ्या वेळेवर, कलावंताचा अधिकार असावा या आग्रहातून ही कारकीर्द घडली आहे. त्या दृष्टीने तिचा विचार येथे केला आहे.

पहिले यश आणि त्याची किंमत

केट बुश शाळेत असतानाच त्यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणांकडे 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदातील गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांचे लक्ष गेले. त्यांच्या साहाय्याने १९७५ मध्ये काही गीतांचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले आणि पुढील वर्षी ई.एम.आय. या कंपनीशी करार झाला. मध्यंतरीच्या काळात त्यांनी लिंडसे केम्प यांच्याकडे मूकाभिनय व नृत्याचे शिक्षण घेतले.

पहिले गीत कोणते प्रसिद्ध करावे, यावर कंपनी आणि ही १९ वर्षांची गायिका यांच्यात मतभेद झाला. कंपनीला रॉक धाटणीचे एक गीत हवे होते. बुश यांचा आग्रह 'वदरिंग हाइट्स' या गीताचा होता. एमिली ब्राँटी यांच्या १८४७ मधील कादंबरीतील मृत नायिकेच्या मुखी हे गीत घातलेले आहे. जानेवारी १९७८ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि मार्चमध्ये ब्रिटिश गीतक्रमवारीत प्रथम स्थानी जाऊन चार आठवडे तेथेच राहिले. स्वतः लिहिलेल्या गीताने त्या स्थानी पोहोचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या.

यशाचा लाभ घेण्यासाठी कंपनीला त्वरित दुसरा अल्बम हवा होता. त्यानुसार 'लायनहार्ट' नोव्हेंबर १९७८ मध्ये आला. त्यातील बरीचशी गीते पूर्वीच लिहिलेली होती आणि घाईमुळे स्वतः बुश त्यावर समाधानी नव्हत्या. पुढील वर्षी त्यांनी नृत्य, जादूचे प्रयोग आणि नाट्य यांची सांगड घालणारा मोठा दौरा केला. नाचताना हात मोकळे राहावेत म्हणून कपडे अडकविण्याच्या तारेच्या हँगरपासून डोक्यावर बसणारा मायक्रोफोन त्यासाठी तयार करण्यात आला. दौऱ्याच्या आरंभीच प्रकाशयोजनेतील सहकारी बिल डफील्ड यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर ३५ वर्षे बुश यांनी स्वतःच्या पूर्ण कार्यक्रमांची मालिका केली नाही.

निर्मात्याची भूमिका

येथे एक शब्द स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत 'निर्माता' म्हटले की चित्रपटासाठी पैसा उभा करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील निर्माता मात्र दिग्दर्शकाच्या अधिक जवळचा असतो. कोणते वाद्य कोठे वाजेल, आवाज किती दूरचा वाटेल, कोणते मुद्रण ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे तो ठरवितो. गीत स्वतः लिहूनही हा अधिकार हाती नसेल, तर कलावंताचे स्वामित्व अर्धेच राहते.

बुश यांनी तो टप्प्याटप्प्याने मिळविला. 'नेव्हर फॉर एव्हर' (१९८०) मध्ये त्या सहनिर्मात्या होत्या. या अल्बममुळे ब्रिटिश अल्बमक्रमवारीत प्रथम स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश एकल गायिका ठरल्या. 'द ड्रीमिंग' (१९८२) ची निर्मिती त्यांनी एकट्याने केली. 'फेअरलाइट' या संगणकीय वाद्यात कोणताही ध्वनी साठवून तो स्वरपट्टीवर वाजविता येतो, आणि या अल्बममध्ये त्याचा मुक्त वापर आहे. अल्बम तिसऱ्या स्थानापर्यंत गेला. परंतु आधीच्या मानाने विक्री कमी झाली. तो ऐकताना कल्पनांची गर्दी झाल्यासारखे वाटते, हेही मान्य करावे लागेल.

यानंतरचा त्यांचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. भाड्याच्या स्टुडिओत दर तासाला पैसे मोजावे लागतात आणि त्या हिशेबात प्रयोगाला वाव उरत नाही. म्हणून त्यांनी आपल्या कुटुंबाच्या शेतघराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. कुटुंबाकडे जागा होती आणि आरंभीच्या यशातून हाती पैसा होता, ही अनुकूलता प्रत्येक कलावंताला लाभत नाही, याचेही भान ठेवले पाहिजे. तेथे घडलेला 'हाउंड्स ऑफ लव्ह' सप्टेंबर १९८५ मध्ये आला आणि प्रथम स्थानी पोहोचला. त्याच्या दुसऱ्या बाजूवर, रात्री समुद्रात एकटी तरंगणाऱ्या स्त्रीची कथा सात गीतांतून उलगडते. घड्याळ पाहून असे काम होत नाही.

अर्थात पूर्ण अधिकार मिळाला असे नाही. याच अल्बममधील 'रनिंग अप दॅट हिल' या गीताच्या मूळ शीर्षकात 'देव' हा शब्द होता. काही देशांत ते वाजविले जाणार नाही या भीतीपोटी कंपनीने शीर्षक बदलावयास लावले. पुढे 'द सेन्शुअल वर्ल्ड' (१९८९) साठी जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस'मधील मजकूर वापरण्याची परवानगी नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी स्वतःचे शब्द लिहिले. ती परवानगी २०११ मध्ये मिळाली आणि 'डायरेक्टर्स कट'मध्ये ते गीत जॉइस यांच्या शब्दांसह पुन्हा गायिले गेले. त्या अल्बममधील सर्वच पुनर्मुद्रणे मूळापेक्षा सरस आहेत असे मात्र म्हणता येत नाही.

दीर्घ मौन आणि नंतर

'द रेड शूज' (१९९३) नंतर 'एरियल' (२००५) येईपर्यंतच्या १२ वर्षांत त्यांनी मुलाचे संगोपन केले आणि कामही सावकाश चालू ठेवले. २०१४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ येथे त्यांनी २२ प्रयोग केले, तेव्हा तिकिटे सुमारे पाव तासाच्याही आत संपली.

मे २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकन मालिकेत 'रनिंग अप दॅट हिल' वापरले गेले. ब्रिटिश क्रमवारीच्या नियमानुसार जुन्या गीताच्या आंतरजालीय श्रवणांना नव्या गीताच्या निम्मेच मूल्य मिळते. या गीतापुरता तो नियम शिथिल करण्यात आला आणि जूनमध्ये, प्रकाशनानंतर ३७ वर्षांनी, ते प्रथम स्थानी गेले. त्यांची दोन प्रथम स्थाने ४४ वर्षांच्या अंतराने आली. या गीताचे लेखन, संगीत आणि निर्मिती बुश यांचीच असल्याने या उशिराच्या यशात त्यांचा वाटा मोठा राहिला.

२०२३ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. समारंभास त्या गेल्या नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी युद्धग्रस्त मुलांच्या साहाय्यासाठी 'लिटल श्रू' हा लघु सचेतपट लिहून दिग्दर्शित केला. त्याला संगीत वापरले ते २०११ मधील 'फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो' या अल्बममधले, आपल्या मुलासह गायिलेल्या गीताचे.