डीपी का जळते?
अंबाजोगाई तालुक्यात गिरवलीच्या उपकेंद्रात वीज 400 केव्हीला खेळते. बांधावरच्या डीपीत, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ती 11 हजार व्होल्टवरून 433 वर उतरते. दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांची राखण करतात कागद आणि तेल. तेल तपासताना दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटर अंतर ठेवून व्होल्टेज चढवत नेतात. ठिणगी पडली की आकडा टिपायचा. अशा सहा चाचण्यांची सरासरी. गाळलेलं नवं तेल 60 केव्ही सोसतं, तेवढ्या अंतरात हवा त्याच्या पाव भागही नाही! मात्र ओल आणि कागदाचे तंतू तेलात शिरले की ही ताकद झपाट्याने ढासळते आणि डीपी जळू शकते. डीपी ज्यातून हवा घेते त्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल ओलावली की गुलाबी होते. तशी दिसली तर लाइनमनला लगेच कळवा. डीपीला हात लावू नका.