कुस्ती, गाणं, सिनेमा… तिन्ही कोल्हापूरचे!

इतिहासवेडी माणसं जमली की गप्पा गडकिल्ल्यांवरून आवडता खेळ, गाणं, सिनेमा यांवर हमखास येतात. माझं तिन्हींचं उत्तर कोल्हापूर! राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं. पुढे त्याच धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक.

गाण्यात त्यांचे दरबारगायक अल्लादिया खाँसाहेब. गायिका केसरबाई आणि मोगूबाई त्यांच्याच शिष्या!

आणि सिनेमात बाबूराव पेंटर. कॅमेरा स्वतः बनवून १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ काढला. मला मात्र १९२५ चा ‘सावकारी पाश’ मोठा वाटतो. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आला, तरुण व्ही. शांताराम यांच्या रूपात.

तुमचे तीन कोणते?