मस्टर्ड, वाइन आणि जुनं रुग्णालय : दिजाँच्या खाद्यनगरीत नेमकं काय आहे?

सँडविचला लावायच्या मस्टर्डच्या बाटलीवर 'दिजाँ' हे नाव अनेकांनी वाचलेलं असतं. ते फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एका शहराचं नाव आहे. गंमत म्हणजे 'दिजाँ मस्टर्ड' या नावावर दिजाँचाच हक्क नाही. ते एका पद्धतीचं नाव मानलं जातं, त्यामुळे हे मस्टर्ड कुठेही बनवता येतं. फ्रान्समध्ये त्यासाठी लागणारी बरीचशी मोहरी कॅनडातून येते. तिथे २०२१ मध्ये दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रेंच दुकानांतली मस्टर्डची फडताळं रिकामी झाली. दिजाँ शहरातला अमोराचा कारखाना तर २००९ मध्येच बंद झाला होता.

मग आपल्या नावाचा फायदा शहराला मिळणार कसा? त्याचं एक उत्तर ६ मे २०२२ रोजी खुलं झालं : खाद्यसंस्कृती आणि वाइनची आंतरराष्ट्रीय नगरी, फ्रेंचमध्ये 'सिते'.

जागा रुग्णालयाची

सुमारे साडेसहा हेक्टरचा हा परिसर म्हणजे शहराचं जुनं सार्वजनिक रुग्णालय. १२०४ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने ते सुरू केलं होतं. रुग्णालय दुसरीकडे हलल्यावर जुन्या इमारती आणि पंधराव्या शतकातलं प्रार्थनाघर राखून त्यांच्या भोवती नवं बांधकाम झालं. प्रदर्शनाची दालनं, स्वयंपाकाची शाळा, खाद्यपदार्थांची दुकानं, चित्रपटगृह आणि घरंही. खर्च सुमारे २५ कोटी युरो, त्यातला मोठा वाटा खासगी.

या कल्पनेचं मूळ युनेस्कोच्या यादीत आहे. २०१० मध्ये 'फ्रेंचांचं साग्रसंगीत जेवण' अमूर्त वारशाच्या यादीत आलं. यादीत गेला तो कुठला एक पदार्थ नव्हे. लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी एकत्र बसणं, पदार्थांचा क्रम, त्यांना साजेशी वाइन, टेबलाची मांडणी, हा सगळा रिवाज. तो लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी दिजाँ, ल्याँ, तूर आणि पॅरिसजवळचं रंजिस ही चार ठिकाणं निवडली गेली.

पण जेवणाचं संग्रहालय करायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं? हा प्रश्न ल्याँला महागात पडला. तिथेही जागा जुन्या रुग्णालयाचीच होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये उघडलेलं केंद्र नऊ महिन्यांत बंद झालं. कोविड हे एक कारण होतंच, पण तिकीट महाग आणि त्या मानाने आत पाहायला (आणि खायला) फार काही नाही, ही तक्रार त्याआधीपासूनची होती.

दिजाँमध्ये परिसरात फिरायला तिकीट नाही. सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं ठिकाण म्हणजे तिथलं तळघरवजा वाइन दालन. सुमारे ३,००० प्रकारच्या वाइन, त्यातल्या २५० पेलाभर घेऊन चाखता येतात. एरवी ज्या बाटलीची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरेल, तिचे दोन घोट परवडू शकतात. सामान्य पर्यटकासाठी ही सोय कुठल्याही माहितीफलकापेक्षा मोलाची आहे.

प्रार्थनाघरात बर्गंडीच्या 'क्लिमा'ची ओळख होते. क्लिमा म्हणजे हवामान नव्हे, तर द्राक्षमळ्याचा नेमका आखलेला तुकडा. माती, उतार, ऊन वेगळं म्हणून बांधापलीकडच्या वाइनचं नाव वेगळं आणि किंमतही. देवगडच्या हापूसचा आग्रह धरणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की इथे हिशेब तालुक्याचा नसून शेताच्या तुकड्याचा आहे. असे १,२४७ तुकडे २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

दुकानांच्या बाजूला मात्र हा वारसा आहे की मॉल, असा प्रश्न पडतो. तो रास्तही आहे. गुंतवणूक खासगी असेल तर दुकानं चालणं भागच असतं. वाइन न पिणाऱ्यांनी चीज आणि पावाच्या दुकानांकडे वळावं.

पॅरिसहून जलद रेल्वेने दिजाँ साधारण दीड तासावर आहे आणि स्थानकापासून ही नगरी चालत गाठता येते. १९३७ पासूनचा, सुमारे ६० किलोमीटरचा द्राक्षमळ्यांचा रस्ता इथूनच सुरू होतो. त्यावरच्या बोन गावात आणखी एक जुनं रुग्णालय आहे, १४४३ मधलं. त्याला दान मिळालेल्या मळ्यांतल्या वाइनचा लिलाव दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. त्या दिवसांत जायचं असेल, तर खोली बरीच आधी राखून ठेवावी.