पायाची जखम महिनाभर भरत नाही? मलम बदलण्याआधी कारण शोधा

भंडारा : धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहावे लागते. पायात काटा रुततो, काचेचा तुकडा लागतो, चिखल्या होऊन बोटांच्या बेचक्यातली कातडी फाटते. बहुतेक जखमा आठ-पंधरा दिवसांत भरून येतात. काही मात्र धान कापणीला आले तरी ओल्याच राहतात.

अशा जखमेवर आधी हळद लागते, मग औषध दुकानातले मलम, मग गावातले इंजेक्शन, मग कुणी सुचवलेले दुसरे मलम. यात दोन-तीन महिने निघून जातात. पण महिनोन्महिने न भरणारी जखम ही बहुतेक वेळा फक्त कातडीची तक्रार नसते. शरीरात दुसरे काहीतरी बिघडले आहे, याची ती खूण असते. ते बिघडलेले सापडत नाही, तोवर कोणतेही मलम पुरे पडत नाही.

किती दिवस वाट पाहायची?

साधी जखम दोन आठवड्यांत लहान होताना दिसली पाहिजे. तशी दिसत नसेल, तर दवाखाना गाठा. मधुमेह असेल, तर तेवढीही वाट पाहू नका. पायाला लहानशी जखम झाली तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. मधुमेहींच्या पायाच्या जखमेबाबत डॉक्टर एक ठोकताळा वापरतात. उपचार सुरू असताना चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर उपचारांचा फेरविचार करायचा.

जखम वाढते आहे की आटते आहे, हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. दर आठवड्याला जखमेशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांना हे फोटो फार उपयोगी पडतात.

जखम का भरत नाही?

जखम भरायला तिथे पुरेसे रक्त पोहोचावे लागते, दुखले की पाय बाजूला घेण्याइतकी संवेदना लागते, जंतू आटोक्यात असावे लागतात आणि त्या जागेला आराम लागतो. यातले एक जरी नसले तरी काम अडते. आपल्या भागात पुढील कारणे आधी तपासायला हवीत.

मधुमेह : साखर वाढलेली राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचतो, पण कळत नाही. रक्तपुरवठाही कमी होतो. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे, हे पायाची जखम चिघळल्यावरच समजते.

सिकलसेल : पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्ताचा आजार बराच आढळतो. त्यात घोट्याजवळ जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. भरली तरी पुन्हा उघडते. याच आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुण माणूस लंगडू लागतो. तरुण वयात घोट्याची जखम टिकून असेल किंवा खुबा सतत दुखत असेल, तर सिकलसेलची रक्ततपासणी मागून घ्या.

कुष्ठरोग : तळपायाला न दुखणारी, खोल होत जाणारी जखम आणि अंगावर बधिर चट्टा असेल, तर ही शक्यता तपासावी. बहुविध औषधोपचाराने हा आजार बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळते.

हत्तीपाय : भंडारा हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेला जिल्हा आहे. सुजलेल्या पायाच्या घड्यांत पाणी साचते, कातडी फाटते, जंतू शिरतात आणि थंडी वाजून ताप येतो. रोज साबणाने धुऊन पाय कोरडा ठेवणे हा इथे उपचाराचाच भाग आहे.

फुगलेल्या शिरा : तासन् तास उभ्याने काम करणाऱ्यांच्या पोटरीच्या शिरा फुगतात. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडते आणि तिथे जखम होते. यात दाबपट्टी उपयोगी पडते, पण पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ती बांधू नये.

बिडी आणि तंबाखू : धूम्रपानाने पायाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि पुढे बंदही पडतात. खऱ्र्यातल्या तंबाखूतही निकोटीन असतेच. चालताना पोटरी दुखणे, थांबल्यावर बरे वाटणे, बोटे गार पडणे ही त्याची लक्षणे आहेत.

हाडातील जंतुसंसर्ग : हाड मोडल्यानंतर किंवा खोल जखमेनंतर एखाद्या छिद्रातून पुन्हा पुन्हा पू येत असेल, तर एक्स-रे हवाच. हाडाचा क्षयरोगही असाच रेंगाळतो. वर्षानुवर्षे जुन्या जखमेच्या कडा जाड झाल्या, त्यातून रक्त येऊ लागले, तर कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो.

कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. साखरेची तपासणी, ड्रेसिंग आणि धनुर्वाताचे इंजेक्शन तिथे मिळते. आशाताईंना सोबत घेतले तर चिठ्ठी आणि पुढची तपासणी सोपी जाते. एक्स-रे, शस्त्रक्रियेचे डॉक्टर किंवा अस्थिरोगतज्ज्ञ हवे असतील, तर तुमसर किंवा साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय आणि भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय हा पुढचा टप्पा. रक्तवाहिनीची किंवा मोठी शस्त्रक्रिया लागली, तर सुमारे 60 किलोमीटरवरील नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा एम्स गाठावे लागते. संदर्भचिठ्ठी आणि जुने कागद घेऊनच निघा, नाहीतर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात.

खर्चाचे काय?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने तिथले नियम वेगळे आहेत. भरती होऊन शस्त्रक्रिया करायची असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

घरी काय करावे?

जखम स्वच्छ पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडी करा, स्वच्छ कापडाने झाका. चुना, तंबाखू, राख, रॉकेल किंवा गोळ्यांची पूड जखमेत भरू नका. पाय बधिर असेल तर शेक देऊ नका आणि गरम पाण्यात बुडवू नका. भाजले तरी कळणार नाही. जखम तळपायाला असेल, तर त्यावर भार देऊन चालणे थांबवा. रोवणीच्या मजुरीचे दिवस बुडतात, हे खरे आहे. पण तळपायाची जखम चालत राहून भरत नाही आणि पाय गेला तर पुढचे सगळे हंगाम जातात. मोडलेल्या हाडावर बांबूच्या खपच्या घट्ट बांधून घेऊ नका. रक्तपुरवठा तुटून पाय कापावा लागू शकतो.

तातडीने कधी निघायचे?

जखमेभोवती काळेपणा, सडका वास, वर सरकत जाणारी लाली, थंडी-ताप, पाय अचानक गार किंवा निळसर पडणे, मधुमेहात पाय एकाएकी सुजणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तीन गोष्टी विचारा : ही जखम का भरत नाही? माझी साखर, सिकलसेल आणि पायाचा रक्तपुरवठा तपासला का? पुन्हा कधी दाखवायचे? मिळालेली उत्तरे केस पेपरवर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.