हजार किलोच्या आतली गाडी

नवी गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये ठरलेले प्रश्न विचारतो. किंमत किती, ॲव्हरेज किती, एसी कसा, आणि अलीकडे सनरूफ आहे का. वजन किती, हे कुणी विचारत नाही. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवतो, राहतो नांदेड जिल्ह्यातल्या नायगावला, आणि नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात वजनाचा प्रश्न विचारायची सवय लावतो. गाडी चालवण्यातला आनंद इंजिनापेक्षा जास्त वजनावर ठरतो, असं माझं पक्कं मत आहे. ते मत पुस्तकातून आलं नाही, माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीतून आलं.

ती गाडी म्हणजे २००४ सालची मारुती जिप्सी, कापडी टपाची. १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन, ८० अश्वशक्ती, पुढे-मागे पाटे, एसी नाही, पॉवर स्टेअरिंग नाही. लातूरकडच्या एका शेतकऱ्याने ती सांभाळून वापरली होती, त्याच्याकडून मी घेतली. घेतल्यावर एका रविवारी तिला गावाबाहेरच्या वजनकाट्यावर घातलं. हंगामात या काट्यावर कापूस आणि सोयाबीन भरलेल्या गाड्यांची रांग लागते. काट्यावरच्या पोराने आकडा बघितला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "सर, काटा चुकला का काय?" आकडा हजाराला थोडा कमी होता. कंपनीचा कागदही ९८५ किलोच सांगतो, म्हणजे काटा बरोबर होता. मग मी तिथेच हूडची बटणं सोडली, पट्टे काढले, लोखंडी कमानी उतरवल्या. मागचे दोन्ही बाक, स्टेपनी, जॅक, पान्यांची पेटी, सगळं बाजूला ठेवलं. पुन्हा काट्यावर घातली तर साठ-पासष्ट किलो कमी भरले. म्हणजे एक माणूसच उतरला म्हणा.

सामान काट्यावर ठेवून मी नरसीपर्यंत चक्कर मारून आलो. रस्ता रोजचाच, देगलूरकडे जाणारा. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटत होतं. पण वळणावर आत शिरताना मागची बाजू जड गाडीसारखी रेंगाळत नव्हती. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकल्यावर इंजिनाने लगेच ओढ घेतली. ब्रेकवर पाय ठेवला की गाडी आधी बसायची, आता जागेवर थांबत होती. वेग ताशी साठच्या वर गेला नव्हता.

यामागचा हिशेब सोपा आहे. गाडीचं वजन दुप्पट केलं, तर त्याच वेगाला पोचायला दुप्पट जोर लागतो आणि थांबवायला दुप्पट ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. वळणावर टायरला तेवढाच जास्त भार पेलावा लागतो. मग कंपनी काय करते? इंजिन मोठं घालते. मोठ्या इंजिनाला जाड चेसीस लागते, मोठे ब्रेक लागतात, ब्रेक मावायला मोठी चाकं लागतात, चाकांना रुंद टायर. यातल्या प्रत्येक गोष्टीला वजन आहे, म्हणून इंजिन आणखी मोठं करावं लागतं. आज रस्त्यावर दोन-दोन टनांच्या गाड्या दिसतात त्या याच साखळीने तिथवर पोचल्यात. सगळा दोष चैनीचा नाही. एअरबॅग, दारातल्या लोखंडी पट्ट्या, अपघाताच्या चाचण्या यांनी माणसं वाचतात, आणि ते वजन मी आनंदाने मान्य करतो.

हीच साखळी उलटी फिरवणारा माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा संस्थापक. शिक्षणाने तो बांधकामाच्या बाजूचा इंजिनिअर, आणि भार कुठून कुठे जातो हे त्याला कळत होतं. जे काम एक भाग करू शकतो त्याला दोन भाग लावायचे नाहीत, हा त्याचा खाक्या. १९५७ मध्ये त्याने लोटस सेव्हन आणली. बारीक पाइपांची जाळीसारखी चेसीस, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांची जागा. घट्ट छप्पर नाही, धड दारं नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांत ११७२ सीसीचं साधं फोर्ड इंजिन होतं, चाळीसेक अश्वशक्तीचं. आपल्याकडच्या आजच्या साध्या लहान गाडीलाही त्याहून जास्त ताकद असते. पण सेव्हनचं वजन पाचशे किलोच्या आसपास, त्यामुळे शर्यतीत ती भल्याभल्यांना मागे टाकायची. ही गाडी सुट्या भागांत विकत मिळे. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जो खरेदी कर बसे, तो सुटे भाग घेऊन घरी जोडलेल्या गाडीवर बसत नसे. लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये पाने घेऊन तिला उभं केलं.

१९७३ मध्ये लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम नावाच्या छोट्या कंपनीला दिले, आणि ती गाडी आजही बनते. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या सर्वांत हलक्या मॉडेलचं वजन ४४० किलो आहे. त्यात इंजिन आहे सुझुकीचं, तीन सिलिंडरचं, फक्त ६६० सीसीचं, टर्बो लावलेलं, ८४ अश्वशक्तीचं. माझ्या जिप्सीचं इंजिनही सुझुकीच्याच घराण्यातलं आणि ताकद जवळपास तेवढीच. पण टनाला अश्वशक्ती किती पडते ते काढा. माझ्या गाडीला ऐंशीच्या थोडी वर, त्या केटरहॅमला एकशे नव्वद. वर्गात मी हा हिशेब फळ्यावर मांडतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही वही काढतात.

आपल्याकडे असलं काही झालंच नाही असं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ पासून स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार बनवायला घेतली. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. १९४९ मध्ये त्यांची पहिली गाडी तयार झाली, दोन माणसांची. पुढे पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले. 'मीरा' हे तिचं नाव. सत्तरीच्या दशकात ती बारा हजार रुपयांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता. परवाने आणि भांडवल यांच्यात ती अडकली आणि कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर या माणसाचा फोटो हवा, असं मला मनापासून वाटतं. नव्वदीच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन कंपनीने 'स्टॉर्म' आणली. फायबरची बॉडी, दोन सीट, काढता येणारं छप्पर, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. खरीखुरी उघडी स्पोर्ट्स कार, भारतात बनलेली. फारच थोड्या विकल्या गेल्या. दोनच माणसांची गाडी घेण्याइतकी ऐपत तेव्हा मोजक्यांची होती, आणि ज्यांची होती त्यांना घरच्या सगळ्यांना घेऊन लग्नाला जायचं होतं.

म्हणून आपल्या भागात उघड्या गाडीची हौस भागवली ती जीपने आणि नंतर जिप्सीने. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप साधारण १०४० किलोची, ६० अश्वशक्तीची. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, आणि खेड्यापाड्यांत उघड्या टपाची मोटार म्हणजे जीप असं समीकरण झालं. जिप्सी आली १९८५ मध्ये, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. तिचं वजन जीपपेक्षा कमी. हिमालयातल्या रॅलीत ती वर्षानुवर्षं पुढे राहिली, आणि आजही ताडोबात वाघ बघायला तुम्ही तिच्यातच बसता. सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम आले तसं तिचं उत्पादन थांबलं.

आता छपराबद्दल. बंद गाडीचं छप्पर पावसासाठी असतं असा समज आहे. चपलेचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, झाकण घट्ट चिकटवा आणि दोन्ही टोकं धरून पिळा. मग झाकण काढून पिळा. खोका हातात वाकडा होतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चेसीस नसते, बॉडी हीच चेसीस, आणि छप्पर त्या ताकदीचा भाग असतो. जिप्सीला किंवा सेव्हनला ही अडचण नाही. एकीला खाली शिडीसारखी जाड चेसीस आहे, दुसरीला पाइपांचा सांगाडा, आणि दोन्ही मुळातूनच उघड्या बनवल्यात. कंपन्या जेव्हा बंद मॉडेलची उघडी आवृत्ती काढतात तेव्हा खालची बाजू भरभक्कम करावी लागते, म्हणून बऱ्याचदा उघडी गाडी बंद गाडीपेक्षा जड भरते. माझ्याकडे अधूनमधून पोरं येतात, जुन्या हॅचबॅकचं छप्पर कटरने कापून द्या म्हणतात. मी त्यांना खोका पिळून दाखवतो आणि परत पाठवतो. कायदाही हेच सांगतो. कंपनीने दिलेल्या रचनेत असा मूलभूत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आरटीओ अशी गाडी पास करणार नाही, आणि उलटली तर आतल्या माणसाला वाचवायला काही उरलेलं नसेल.

उघड्या गाडीचा धोका मी कमी लेखत नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. सगळ्यांनी बेल्ट लावल्याशिवाय मी चावी फिरवत नाही, मागच्या बाकावर लहान मूल बसवत नाही आणि रात्री हायवेवर जात नाही. पुढची काच बॉनेटवर पाडता येते, पण ती रस्त्यावर कधी पाडत नाही. समोरच्या ट्रकच्या टायरखालून उडालेला एक खडा पुरेसा असतो.

आमच्याकडे ही गाडी चालवायचा वेळ ठरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला जातं, तेव्हा सकाळी साडेपाच ते आठ. डोक्याला दस्ती, डोळ्याला गॉगल. पावसाळ्यात हूड चढवायचं आणि तरी मांडी ओली होणार हे धरून निघायचं. खरे दिवस दिवाळीनंतरचे. कुंटूरच्या रस्त्याने निघालं की कारखान्याच्या मळीचा वास आधी येतो, धुराडं नंतर दिसतं. राहेरकडे वळलं की गोदावरी अजून दिसलेली नसते, पण गार हवा घोट्याला लागते. हळद शिजत असेल तर तो वास दस्तीत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो तरी चिडचिड होत नाही, कारण ट्रॉलीवरच्या माणसाशी बोलता येतं. माझी माय सत्तरी ओलांडलेली. बंद गाडीत तिला मळमळतं, बसमध्येही. जिप्सीत मात्र पुढच्या सीटवर पदर कानामागे खोचून बसते आणि कुणाच्या रानात काय पेरलंय ते सांगत राहते. मला तेवढ्यात रस्त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

केटरहॅम किंवा माझदाची एमएक्स-५ आपल्याकडे चालेल का, असं पोरं विचारतात. एमएक्स-५ ही १९८९ पासून बनणारी जपानी गाडी. पहिली आवृत्ती साधारण साडेनऊशे किलोची, आणि २०१६ पर्यंत दहा लाखांवर गाड्या बनल्या. जगात हलक्या उघड्या गाडीला पुन्हा दिवस आणले ते तिने. पण या गाड्या जमिनीला टेकलेल्या. आपले गतिरोधक प्रत्येक गावाने आपापल्या मनाने घातलेले, आणि त्यावर त्यांचं पोट घासणार. जिप्सीखाली २१० मिलिमीटर मोकळी जागा आहे, म्हणून ती तरते. शिवाय भारतात कुठलीही नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. घरी जोडलेल्या एकट्या गाडीसाठी तो खर्च आणि ती धावपळ परवडत नाही.

ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा सुरू झाली. पाइपांचा सांगाडा, एकच सीट, उघडी गाडी, सगळी विद्यार्थ्यांनी बनवलेली. पेट्रोलवाल्या गटात सगळ्यांना एकसारखंच इंजिन, ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं. इंजिन सारखं असल्यावर पुढे जायचं कसं? वजन कमी करून. कुठला पाइप बारीक चालेल, कुठला जाडच हवा, वेल्ड कुठे तुटेल, यावर पोरं रात्री जागतात. डिप्लोमाला आणि तिथून डिग्रीला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, कॉलेजच्या टीममध्ये शिरा, झाडू मारायला सांगितलं तरी शिरा.

आणि ज्यांना चालवायलाच हवी, त्यांनी जुनी जिप्सी शोधावी. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, म्हणून आधी आरसीची मुदत बघा. चेसीस नंबर कागदाशी आकडा-आकडा ताडून पाहा. मग चटई टाकून गाडीखाली झोपा. पाट्यांच्या हँगरजवळ आणि मागच्या बाजूला चेसीसवर हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून गंज आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खडखडलं तर किंगपिनच्या किंवा चाकाच्या बेअरिंगचं काम निघेल, पण ते होतं. हूड फाटलेलं असलं म्हणून घाबरू नका, नांदेडला कापड मिळतं आणि शिवणारेही मिळतात. चेसीस सडलेली असेल तर मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.