बुद्ध लिहिताना आधी द, मग ध

१४ एप्रिल जवळ आला की मानवत, पाथरी, सेलू भागात निबंधस्पर्धा होतात, चौकाचौकांत बॅनर लागतात. मुलांच्या निबंधांत आणि मोठ्यांच्या बॅनरवर एक चूक हमखास सापडते: 'बुध्द'. ज्यांना वंदन करायचे त्यांचेच नाव चुकते. योग्य शब्द 'बुद्ध'. आधी अर्धा द, नंतर पूर्ण ध. मोबाईलवरही द, हलंत चिन्ह आणि ध याच क्रमाने टाइप करावे. सिद्धार्थ, बौद्ध, प्रसिद्ध, 'प्रबुद्ध भारत' हे सगळे याच घरातले.

बाबासाहेबांचे पहिले पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ते 'मूकनायक'. म ला दुसरा उकार, 'मुकनायक' नव्हे. 'दीक्षा'मधली दी दीर्घ, 'शिक्षण'मधली शि ह्रस्व. 'जयंती निमित्त' असे तोडून लिहू नये. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच येते: जयंतीनिमित्त, समाजासाठी.

सर्वांत जास्त गोंधळ शेवटच्या इकाराचा. जाती, भूमी, समिती हे शब्द एकटे असताना शेवट दीर्घ. विभक्ती लागली तरी दीर्घच: जातीचा दाखला, भूमीवर. पण पुढे दुसरा शब्द येऊन समास झाला, की ह्रस्व: जातिव्यवस्था, जातिअंत, भूमिहीन. म्हणून 'दीक्षाभूमी' दीर्घ आणि 'भूमिपुत्र' ह्रस्व. दलित, वंचित, शोषित, पीडित, संघटित यांतला 'इत' मात्र नेहमी ह्रस्व. आपल्या घोषणेतच 'संघटीत' लिहिले जाते, ते डोळ्यांना खुपते. 'महत्त्व', 'तत्त्व', 'बोधिसत्त्व' यांत दोन त येतात, कारण महत्, तत्, सत् यांच्या शेवटी एक त आधीच आहे. 'बंधुत्व'मध्ये तो नाही, म्हणून तिथे एकच.

आता एक शंका कार्यकर्ते नेहमी काढतात: हे नियम कोणाचे? शंका रास्त आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली होती. शुद्धलेखनाचा असा दंडुका आपल्या माणसांवर चाललेला आहे. नियम काही आभाळातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. त्याआधी 'नांव', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वारही द्यावे लागत.

त्यामुळे मानवतचे पोर 'काय करायलास?' किंवा 'पानी' म्हणते, ती चूक नव्हे, ती मराठवाडी बोली. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला 'बलुतं' हेच बोलीतले नाव दिले. पात्राच्या तोंडची बोली तशीच लिहायला नियमांचीही मुभा आहे. परंतु 'बुध्द' किंवा 'संघटीत' ही कोणाचीच बोली नाही, तो निव्वळ निष्काळजीपणा. शिक्षकांनी वहीवर लाल शाई मारताना हा फरक करावा आणि बोलीसाठी मुलाला वर्गात हसू नये. परीक्षेच्या उत्तरात आणि अर्जात मात्र 'पाणी'च लिहायचे, कारण तपासणारा आपल्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो.

अर्जात विरामचिन्ह तर फारच महत्त्वाचे. हे वाक्य बघा: 'मला शिष्यवृत्ती मिळालेली नाही तरी ती मिळावी ही विनंती'. वाचणारा 'नाही तरी'वर अडखळतो; 'नाही मिळाली तरी चालेल' असा सूर लागतो. 'नाही' नंतर पूर्णविराम द्या: 'मला शिष्यवृत्ती मिळालेली नाही. तरी ती मिळावी, ही विनंती.' आता मागणी स्पष्ट झाली. स्वल्पविराम आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटून द्यावेत, जागा सोडायची ती नंतर. 'डॉ.' पुढेही एक जागा हवी. आणि अर्जात तीन-तीन उद्गारचिन्हे नकोत, ती बॅनरवरच राहू द्या.