पेट्यांची पंगत

रात्री अकराच्या सुमारास कळव्यात खारेगावच्या नाक्यावर उभं राहिलं की समोरून कंटेनरच्या पेट्यांची मिरवणूक जाते. लाल, निळ्या, विटकरी. प्रत्येकीच्या अंगावर कुठल्या तरी दूरदेशीच्या कंपनीचं नाव. मुंब्रा बायपास उतरून आलेले हे ट्रेलर कुणी भिवंडीच्या गोदामांकडे, कुणी नाशिककडे, कुणी गुजरातकडे निघालेले. त्यांतले कितीतरी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या न्हावा-शेव्याहून आलेले असतात. खारेगावातून समुद्र दिसत नाही. बंदर मात्र रोज रात्री दारावरून जातं.

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं. बंदराची आखणी करणाऱ्याची झोप उडते ती जमिनीच्या हिशेबाने. हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. २०२४-२५ या वर्षात न्हावा-शेव्याने सुमारे ७३ लाख पेट्या हाताळल्या. मोजमाप वीस फुटी पेटीचं. म्हणजे दिवसाला वीस हजार. एक पेटी सहा मीटरहून थोडी लांब. एका दिवसाच्या पेट्या एकीपुढे एक मांडल्या तर रांग होईल १२० किलोमीटरची. सीएसएमटीहून सुटलेली लोकल थेट कसाऱ्याला पोचेल, एवढी. आणि उद्या तेवढीच दुसरी रांग हजर!

एवढ्या पेट्या ठेवायच्या कुठे? एकीवर एक रचून, हे झालं सोपं उत्तर. खरी गंमत पुढे आहे. लग्नाच्या पंगतीचा मांडव केवढा हवा, हे पाहुणे किती यावर जितकं ठरतं, तितकंच एक पंगत उठायला किती वेळ घेते यावरही ठरतं. हात धुऊन लगेच उठणारी मंडळी असतील तर छोट्या अंगणात गाव जेवून जातं. गप्पा मारत पानावर बसून राहणारी असतील तर मैदानही अपुरं पडतं. पेट्यांचं तसंच. पेटी यार्डात एक दिवस थांबली तर जेवढी जागा लागते, तिच्या तिप्पट जागा तीन दिवस थांबल्यावर लागते. बंदराची जमीन एकरांत मोजून भागत नाही, त्या एकरांना दिवसांनी गुणावं लागतं. मुक्काम निम्मा केला तर समुद्रात एक टोपली भराव न टाकता यार्ड दुप्पट होतं.

म्हणून आखणी करणारा पंगत उठवायच्या वाटा आधी शोधतो. उरणच्या आसपास पेट्या ठेवण्याची, उघडण्याची, कस्टमची तपासणी उरकण्याची वेगळी आवारं उभी राहिली. मुंबईला वळसा घालून पनवेल-दिवा-वसई मार्गाने मालगाड्या उत्तरेकडे जाऊ लागल्या. भिवंडीत गोदामांचं शहर वसलं. नकाशावर बंदराची हद्द उरणला संपते. त्याच्या श्वासाची वाट मुंब्रा, कळवा, दिव्यातून जाते. २०१८ साली मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिला, तेव्हा ठाण्या-कळव्याच्या लोकांनी ही वाट तुंबल्यावर काय होतं ते कोंडीत उभं राहून पाहिलं.

हा झाला दिवसांचा हिशेब. दशकांचा याहून अवघड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई बंदराने माझगाव-शिवडी किनाऱ्यावर भराव घालून सुमारे ५८० एकर जमीन निर्माण केली. कापूस, धान्य, कोळसा यांसाठी जागा आखल्या. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. कापसाचा बाजार आधी कोटात होता, मग कुलाब्याला गेला, तिथून शिवडीच्या नव्या भरावावर आला. आखणी उत्तम होती. फक्त जगाने व्यापाराची रीत बदलली. १९५६ साली अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि गोण्या पाठीवर वाहणाऱ्या बंदरांचं युग उताराला लागलं. पेट्यांना धक्क्याला लागून विस्तीर्ण सपाट यार्ड हवं. मुंबई बंदराच्या पाठीशी तोवर अख्खं शहर दाटलं होतं. कॉटन ग्रीन हे हार्बरवरचं स्टेशन आज त्या आखणीचा पाटीवर उरलेला शब्द आहे.

मग बंदर सरकलं. ते सरकतच आलेलं आहे. सातवाहनांच्या काळी गलबतं कल्याणला लागत. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन आरमाराचा पाया घातला तोही तिथेच. ठाण्याला येणाऱ्या जहाजांचा उल्लेख मार्को पोलोच्या वर्णनात येतो. खाड्या गाळाने उथळ होत गेल्या, जहाजं खोल होत गेली, आणि बंदर खोल पाण्यामागे चालत राहिलं: मुंबईला, मग २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याला. आता डहाणूजवळ वाढवण.

बंदर सरकतं तेव्हा आधीपासून तिथे असलेल्यांना सरकावं लागतं. शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा हलवले गेले. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जमीन गेलेल्यांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. जगभरच्या जहाजी कागदांवर ‘न्हावा शेवा’ छापलं जातं. मूळ शेव्याची माणसं ‘नवीन शेवा’ नावाच्या गावात राहतात. वाढवणच्या आराखड्यात १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भराव घालून काढायची आहे. आखणी करणाऱ्याच्या कागदावर ती रिकामी जागा, अजून जन्माला न आलेल्या मालासाठी राखलेली. तिथल्या मच्छीमाराच्या लेखी ती आजही भरलेली आहे, माशांनी.

खारेगावला सिग्नल हिरवा होतो. निळी पेटी घेऊन ट्रेलर भिवंडीकडे वळतो. उरणला तिने रिकाम्या केलेल्या पानावर एव्हाना दुसरी पेटी बसलेलीही असेल.